भाड्याची मोटार आणि संगारेड्डीची बस

हैदराबादला जाऊन आलं, की लोक चारमिनारबद्दल विचारतात. मी चारमिनार पाहिला तो मोटारीच्या मागच्या काचेतून, लांब जाताना, कारण आमच्या ड्रायव्हरला तिथे थांबायचं नव्हतं. आठ दिवसांत मला जे दिसलं नाही ते त्या भाड्याच्या मोटारीच्या पडद्यांमुळे, आणि जे दिसलं ते ती बंद पडली म्हणून. परक्या मुलखात सुट्टीला गेल्यावर मोटार भाड्यानं घ्यावी की सरकारी बसनं हिंडावं, असा प्रश्न ज्यांच्यापुढे असेल त्यांनी माझी हकीगत ऐकून घ्यावी.

परका मुलूख म्हणायला हरकत नव्हती. पोलीस ॲक्शन होऊन दुसरा हिवाळा लागला होता. संस्थान हिंदुस्थानात आलं होतं, पण नाणं अजून वेगळं, टपालाची तिकिटं वेगळी, आणि सरहद्दीवरची जकातही वेगळी. आम्ही तिघं निघालो होतो. मी मुलींच्या शाळेत शिकवते, तेव्हा सुट्टी माझी होती. आमचे 'हे' एका इंजिनियरच्या कचेरीत नकाशे काढतात, तेव्हा यंत्रांतलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज आहे. आणि सासूबाई. त्यांची धाकटी बहीण गोदावरी, म्हणजे आमच्या मावशी, काचीगुड्याला राहतात. रझाकारांच्या दिवसांत पाच महिने त्यांचं पत्र आलं नव्हतं. ते दिवस सासूबाईंनी कसे काढले ते मी पाहिलं होतं. त्यामुळे आता भेटायला जायचं म्हटल्यावर महाबळेश्वर सोडून हैदराबादला जायला मी तयार झाले, आणि त्याबद्दल कुणी माझं कौतुक केलं नाही.

वाडी जंक्शन

सासूबाईंची ट्रंक दोन हमालांना उचलत नव्हती. आठ दिवसांसाठी एवढं काय घेतलं, हे मी पुण्यापासून विचारत होते आणि त्या 'असू दे' म्हणत होत्या. वाडीला गाडी बदलताना करोडगिरीच्या, म्हणजे तिथल्या जकातीच्या, कारकुनानं ती उघडायला लावली. आत वरच घडी न मोडलेलं हिरवं इरकली लुगडं. खाली खण, नारळ, कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या आणि डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा.

"हे नवीन कापड कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"सुनेसाठी," सासूबाई म्हणाल्या. "ही काय, उभी आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ट्रंक बंद केली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यांनी आपणहून मला लुगडं घेतल्याचं माझ्या स्मरणात नव्हतं. पुढच्या गाडीत मी त्यांना खिडकीची जागा दिली, पाय चेपून दिले आणि ट्रंक जड आहे याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

काचीगुडा

मावशींचे यजमान स्टेशनवर आले होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. सरकारी वकील म्हणून निवृत्त झालेले, उंच, कडक इस्त्रीची शेरवानी, आणि मराठी अशी की प्रत्येक वाक्याला एक उर्दू शब्द टेकू म्हणून लागतोच. "सफरमध्ये तकलीफ नाही ना झाली?" हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य आमची गाडी किती मिनिटं उशिरा आली याबद्दल होतं.

घर स्टेशनच्या मागेच. इंजिनानं वाफ सोडली की मांडणीवरची भांडी वाजत. मावशी सासूबाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण दोघी शेजारी उभ्या राहिल्या तेव्हा मोठी कोण ते सांगता आलं नसतं, इतक्या मावशी वाळल्या होत्या. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. मग मावशी एकदम उठल्या आणि मला म्हणाल्या, "काय बघायलीस, कुसुम? जाम खा की." मी मुरंब्याची वाट पाहत बसले. तिथे पेरूला जाम म्हणतात, हे ताट उचलायची वेळ झाल्यावर कळलं.

जेवायला चिंचेची आंबट दाळ, तीळ-शेंगदाण्याच्या रश्शातल्या अख्ख्या मिरच्या आणि ज्वारीची भाकरी. पुण्याच्या गोड आमटीवर वाढलेल्या आमच्या ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते "छान आहे" म्हणत होते. मी बोलायला विषय म्हणून विचारलं, "प्रभाकर कुठे असतो हल्ली?"

प्रभाकर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्या लग्नात वाढायला पुढे होता, एवढंच मला आठवत होतं.

काका म्हणाले, "ताक वाढा."

ताक वाढलं गेलं. सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यापुढे उरलेली मिरची मला गोड लागली. काय चुकलं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादाला तोंड फुटलं. काकांचं म्हणणं, हैदराबाद बघायचं तर बसनं. "दुमजली बसा आहेत. वेळेवर येतात, वेळेवर जातात. जनान्यासाठी वेगळी जागा. मोटारीची जरूरतच काय?" मला ते पटलं. पण आमचे हे म्हणाले, बस आपल्याला पाहिजे तिथे थांबत नाही. त्यांच्या बाजूनं सासूबाई उभ्या राहिल्या. ज्यांनी पुण्यात तुळशीबागेतून घरी येताना कधी टांग्याला हात केला नाही, त्या म्हणाल्या, "मोटारच बरी. माझे गुडघे दुखतात." मावशी तर त्यांच्याही पुढे. त्यांनी मोटार आधीच सांगून ठेवली होती.

"रविवारी मांजरेवर जाऊ," मावशी म्हणाल्या. "संगारेड्डीच्या पलीकडं काठावर महादेवाचं देऊळ आहे. आक्काला नि मला स्नान करायचंय."

मांजरा ही दोघींच्या माहेरची नदी. बीडकडे उगम पावते आणि पुढे हैदराबादच्या वायव्येला येते. बहिणींना माहेरच्या नदीत एकत्र अंघोळ करावीशी वाटली, यात गैर काय? काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमची मर्जी."

गोवळकोंड्याच्या वाटेवर

मोटार आली ती आधी ऐकू आली. लांबलचक, विलायती, एके काळी बदामी रंगाची. मागच्या काचांना जाड जांभळे पडदे. मालक कुणी जहागीरदार होते. जहागिरी गेल्या, तेव्हा मोटार भाड्यानं देण्याची पाळी आली. वीस वर्षं त्यांच्याकडे असलेला ड्रायव्हर कासिममियाँ मोटारीबरोबरच आला. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, बोलणं हळू. मोटार त्याहून हळू.

"पडदे उघडा," मी म्हटलं.

"नक्को बेगम, इसमें बेगमांच बैठते थे. परदा टूटेला है, खोले तो गिर जाता."

बाहेरचं दिसावं म्हणून मी पडद्याच्या फटीला डोळा लावून बसले. चारमिनार आला तशी मोटार अचानक गल्लीत वळली. ह्यांनी विचारलं, तेव्हा कासिममियाँ अवघडून म्हणाले, "उधर हमारे सरकार के रिश्तेदारां रहते, साब. गाड़ी किराये पे चलती दिखी तो लोगां क्या बोलेंगे?" तेव्हाच मी मागच्या काचेतून चारमिनार पाहिला. त्यानंतर जिथे जिथे जहागीरदारांचे सोयरे राहत होते ते सगळे रस्ते टाळत आम्ही शहराबाहेर पडलो, आणि सोयरे पुष्कळ होते.

पुरानापुलाच्या पलीकडे मोटार बंद पडली. ह्यांनी कोट काढला, झाकण उघडायला लावलं आणि नकाशा वाचावा तसं इंजिन वाचलं. "प्लग खराब आहे," त्यांनी निकाल दिला.

"नहीं साब. परसोंच नवा डाले."

परसों म्हणजे परवा, असं आम्ही समजलो. पुढे बोलता बोलता कळलं, की कासिममियाँच्या मुलीचं लग्नही परसों झालं होतं, आणि तिला आता दोन मुलं होती. हैदराबादेत परसों म्हणजे उद्या नाही आणि काल नाही एवढंच. तो प्लग कुठल्या परसोंचा होता, ते देव जाणे.

गोवळकोंड्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अर्धा किल्ला चढून झाला आणि खालून भोंगा वाजायला लागला. चालूच ठेवलेलं इंजिन तापायच्या आत निघावं लागेल, असा निरोप होता. उरलेल्या अर्ध्या किल्ल्यावरून सगळं शहर दिसतं म्हणतात.

पुढचे दोन दिवस मोटार कारखान्यात. मला अत्यानंद झाला. काकांनी आम्हा दोघांना दुमजली बसनं सिकंदराबादला नेलं. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसून हुसेनसागराच्या बांधावरून जाताना एका बाजूला नुसतं पाणी, आणि समोर रस्ता असा की जणू आपणच बस हाकतो आहोत. काका प्रत्येक थांब्याचं नाव आधी सांगत आणि मग घड्याळ पाहत. त्या एका दिवसात ते दोनदा हसले. परत येताना मी म्हटलं, "रविवारी मांजरेवरही बसनंच जाऊ या ना. अफझलगंजहून संगारेड्डीची बस आहे म्हणता."

काकांनी पुढच्या थांब्याचं नाव सांगितलं. घरी येऊन मी हेच बोलले, तर सासूबाई चक्क रागावल्या. "तुला नसेल यायचं तर घरी थांब. मोटार ठरलीय." गुडघ्यासाठी एवढं चिडायचं कारण मला कळेना. आठ दिवसांतले चार गेले होते आणि मला माझ्याच सुट्टीत काही विचारायची सोय राहिली नव्हती.

कुकटपल्लीच्या पुढे

रविवारी सकाळी काका दारापर्यंत आले. मावशींकडे न बघता म्हणाले, "पाण्यात फार खोल जाऊ नका."

मोटारीत पाठीमागे आम्ही तिघी, पायांशी सासूबाईंच्या ट्रंकेतलं मोठं गाठोडं. नदीवर अंघोळीला एवढं गाठोडं कशाला, या प्रश्नालाही 'असू दे' हेच उत्तर. शहर संपलं. मुंबईच्या रस्त्यावर दोन्हीकडे मोठमोठे दगड, जणू कुणीतरी एकावर एक रचून ठेवलेले, आणि मध्ये शेतं. कुकटपल्ली नावाचं खेडं गेलं. एक तळं, थोडी घरं, चिंचा. त्याच्या पुढे दीड-दोन मैलांवर इंजिनातून वाफ आली, काहीतरी फटकन् वाजलं आणि मोटार रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

पंख्याचा पट्टा तुटला होता. ह्यांनी स्वतःचा पंचा पिळून, गाठ मारून पट्ट्याच्या जागी बसवला. ड्रॉइंगमध्ये हे बरोबर आहे, असं ते म्हणत होते. मोटार पंचावन्न-साठ पावलं चालली आणि पंच्याच्या चिंध्या झाल्या. कासिममियाँ म्हणाले, कुकटपल्लीहून सायकल मिळाली तर शहरात जाऊन पट्टा आणतो, तीन-चार तासांत येतो.

माझा संयम तिथे संपला. मी कासिममियाँना बोलले, ह्यांना बोलले, आणि शेवटी सासूबाईंनाही. "काका सांगत होते, मी सांगत होते, बसनं चला. आता बसा इथे दगडावर. अंघोळीचं काय, दुसऱ्या खेपेला करता आली असती."

मावशी दगडावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

मग सासूबाईंनी मला सांगितलं.

प्रभाकर संगारेड्डीला शाळेत मास्तर होता. तीन वर्षांपूर्वी वकिलीचा अभ्यास सोडून तो निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात गेला आणि तुरुंगात पडला. काका तेव्हा सरकारी नोकरीत. वरून विचारणा झाली, आणि त्यांनी कचेरीत चौघांदेखत लिहून दिलं, की या मुलाशी माझा संबंध नाही. लिहिलं नसतं तर नोकरी गेली असती, कदाचित रझाकार घरावर चालूनही आले असते. संस्थान सामील झाल्यावर प्रभाकर सुटला, पण घरी आला नाही. काकांनी बोलावलं नाही. त्यानं तिथेच एका तेलुगू सहकाऱ्याच्या बहिणीशी लग्न केलं. तो पत्रं लिही ती पुण्याला, सासूबाईंच्या नावे, आणि सासूबाई ती आपल्या पाकिटात घालून मावशींना पाठवत. सुनेला आता सातवा महिना होता. मावशींनी तिला पाहिलंही नव्हतं.

"मोटारीनं गेलं तर देवळाचं नाव सांगून दोन तास त्याच्याकडं जाऊन येता आलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "बसमध्ये सगळे हिच्या नवऱ्याच्या ओळखीचे. म्हणून मोटार."

हिरवं लुगडं सुनेसाठी होतं, हे त्या वाडीला खरंच बोलल्या होत्या. सून तेवढी मी नव्हते. मला राग यायला हवा होता. मी चार दिवस ज्याला त्याला सुनावत होते, ते सगळं आठवून कुठे बघावं ते कळेना.

कासिममियाँ लांब उभे होते. त्यांनी मराठी ऐकलं होतं आणि त्यांना ते समजत होतं. ते जवळ आले, मावशींसमोर उकिडवे बसले.

"अम्मा, मेरा छोटा भाई बीदर तरफ रहता था. पोलीस ॲक्शन के दिनां में गुजर गया. उसके तीन बच्चे मेरे पास हैं. मैं सोचता था, ईद को जाऊँगा, छुट्टी मिली तो जाऊँगा." ते उठून उभे राहिले. "बस आती अब्बी. तुम जाओ. गाड़ी मैं देखता."

थोड्या वेळानं शहराकडून धूळ उठली. सरकारी बस होती, लाल, खच्चून भरलेली, वर टोपल्या बांधलेली. ह्यांनी हात करायच्या आत मावशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

बायकांच्या बाकावर लोकांनी सरकून जागा दिली. आम्ही बसतो न बसतो तोच पलीकडून एक म्हातारे गृहस्थ वाकून म्हणाले, "वहिनीसाहेब? तुम्ही बसमध्ये?" काकांच्या कोर्टातले जुने पेशकार, म्हणजे कारकून. मावशींनी नमस्कार केला.

"आता हे सगळ्या काचीगुड्याला कळणार," त्या सासूबाईंच्या कानात म्हणाल्या.

"मग उतरायचं का, गोदे?"

मावशींनी नाक पुसलं. "उतरायचं कशाला? तिकीट काढलंय."

संगारेड्डी

शाळेच्या मागे दोन खोल्यांचं कौलारू घर. प्रभाकर रहाटावर पाणी काढत होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि भरलेली घागर तशीच हातात धरून उभा राहिला. लग्नातला तो गुबगुबीत मुलगा राहिला नव्हता. कानशिलांवरचे केस पांढरे होऊ लागले होते, आणि तो जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता.

"घागर ठेव," मावशी म्हणाल्या. "पाणी सांडायलंय."

त्यानं ठेवली. मग वाकला, आणि मावशींनी त्याला पाया पडूच दिलं नाही.

सुनेचं नाव ललिता. ती दारात आली, बावरलेली, पदर सावरत. तिला मराठी अगदीच तोडकं येत होतं. मावशी तिच्याशी तेलुगूत बोलायला लागल्या, आणि त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या तासभर बाहेर आल्या नाहीत. आतून मला फक्त 'अम्मा' आणि हसणं एवढंच कळत होतं. मग पाटाभोवती रांगोळी काढली, ललितेला हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या. ओटी मी भरली, कारण मावशी तिच्या बांगड्या सारख्या करण्यातच गुंतल्या होत्या. लुगडं तिला फार शोभलं. मला एवढं शोभलं नसतं. हे मी कबूल करते आहे ते सासूबाई हे वाचणार नाहीत म्हणून.

जेवताना प्रभाकर मध्येच थांबे आणि आईकडे बघे. "नाना कसे आहेत?" त्यानं वडिलांबद्दल एकदाच विचारलं.

"चष्म्याचा नंबर वाढलाय. चल की आमच्याबरोबर. चार दिवस राहा."

"त्यांनी बोलावलं तर येईन, आई. मी रागावलेलो नाही. त्यांनी काय परिस्थितीत लिहिलं ते मला कळतं. पण बोलावल्याशिवाय कसा येऊ? त्यांना वाटेल, मी जाब विचारायला आलोय."

मावशींनी त्याच्या पानात आणखी एक लाडू ठेवला.

चारच्या बसवर तो पोचवायला आला. बस सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा होता. वाटेत मी मांजरा बघितली का, देऊळ कसं आहे, असं मला कुणी विचारू नये. कुकटपल्लीच्या अलीकडे आमची मोटार रस्त्यावर नव्हती, म्हणजे कासिममियाँना पट्टा मिळाला होता, एवढं समाधान.

अफझलगंज

बस अड्ड्यावर वळली तेव्हा दिवेलागण होत होती. टांगेवाले ओरडत होते, मुसी नदीकडून गार वारा येत होता. मावशी वाटभर घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होत्या. देऊळ बंद होतं म्हणावं, की मोटार तिथेच बिघडली म्हणावं? सासूबाई त्यांना उत्तरं सुचवत होत्या, आणि एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

खाली उतरलो तर समोर काका. शेरवानीची वरची बटणं लावलेली, हातात छत्री. दुपारपासून उभे असावेत असं वाटलं, कारण चहावाल्यानं त्यांना बसायला स्टूल आणून दिलं होतं आणि ते त्यावर बसले नव्हते.

कासिममियाँ दुपारी घरी येऊन गेले होते. मोटार दुरुस्त झाली, अम्मा बसनं पुढे गेल्या, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. कुठे, ते सांगितलं नव्हतं.

मावशींनी तोंड उघडलं. काकांनी हात वर केला.

"तब्येत कशी आहे त्याची?" त्यांनी विचारलं.

सासूबाई पुढे झाल्या आणि फणकाऱ्यानं म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं वकिली केली, आक्का. पुण्याचं पाकीट एवढं जाड का येतं, तेवढं समजतं मला. पोस्टमन माझ्याच हातात देत होता." ते मावशींकडे वळले. "मी एकही फोडलं नाही."

"मग बोलला का नाहीत?" मावशी म्हणाल्या. तीन वर्षांचा राग त्या चार शब्दांत होता, आणि तो रास्त होता. "मी चोरासारखी पत्रं वाचत होते. माळ्यावर चढून वाचत होते."

काका खाली बघत राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी दोघांनी त्यांना आदाब केला, त्यांनी उलट केला नाही. "काय तोंडानं बोलू?" ते म्हणाले. "लिहून दिलं तेव्हा हात थरथरला नाही माझा. अक्षर सुरेख आलं होतं."

मी आणि हे जरा बाजूला झालो. हे हळूच म्हणाले, "उद्या कासिममियाँची मोटार सांगू या का? आता पट्टा नवा आहे." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पण काकांनी ऐकलं होतं.

"मोटार नको," ते म्हणाले. "पडदे लावून जायचं नाहीये मला. सकाळी सातची बस आहे, विचारून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काका-मावशींना पोचवायला अफझलगंजला आलो. ललितेला सातवा आहे हे रात्रीच कळल्यामुळे काकांनी कुठूनतरी पहाटे ताजे जाम मिळवले होते, टोपलीभर. ज्यांनी आम्हाला बसचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवलं, ते स्वतः शहराबाहेर जाणाऱ्या बसमध्ये कधी बसलेच नव्हते, हे मला तिथे कळलं. पाय कुठे ठेवायचा, टोपली कुठे, सगळंच त्यांना विचारावं लागत होतं. बसमध्ये ओळखीचे निदान चार-पाच जण होते. पुढच्या बाकावर एक वकील, मागे कुणी तहसीलीतले. सगळे उठून सलाम करत होते.

कंडक्टर आला. "कहाँ, वकीलसाब?"

काका बसले होते ते उठून उभे राहिले. डोकं वर टपाला लागलं, तरी वाकले नाहीत. कोर्टात उभे राहत असतील तसे उभे राहिले, आणि खाली उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "दो टिकट, संगारेड्डी. लड़के के घर जाना है."